नळाला पानी आलंय

ऐकणारी माणसं कमी झाली की किस्से वाढत जातात, असा माझा अनुभव आहे. चौघं बसलेले असले की कुणाला जुनं आठवत नाही. एकटं राहिलं की एकेक वर येतं. आता तुम्ही आलाच आहात आणि चहाला अजून वेळ आहे, तर ऐका.

बिदरमध्ये त्या काळी इंग्रजी रॉकचे भक्त असे कितीसे असणार? माझ्या माहितीत तिघं, आणि त्या तिघांत मी धरलेला आहे. मी हळ्ळीखेडचा, बिदरच्या नौबाद भागात खोली घेऊन मास्तरकी करायचो. रेवण निर्णा गावचा, आजोबांपर्यंत मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो डिप्लोमा करायचा आणि आईबरोबर माझ्या मागच्या गल्लीत राहायचा. तिच्या नावानं तिला कुणीच हाक मारत नसे, सगळ्यांची ती माय. तिसरा युसूफ. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि भाऊ गल्फात होता. हा भाऊ नसता तर आम्हाला रॉक हा शब्दही कळला नसता.

माझ्या गावी आंबेडकर जयंतीला गायन पार्ट्या यायच्या. त्या सवयीनं मी आमच्या तिघांच्या लाडक्या इंग्रजी बँडलाही पार्टीच म्हणायचो. मग तिघांचंही तेच झालं. जगात बाकीचे बँड होते, आणि एक 'आपली पार्टी' होती.

*

युसूफचा भाऊ सुट्टीवर आला तेव्हा आपल्या पार्टीच्या कॉन्सर्टची कॅसेट घेऊन आला. प्रेक्षकांचा गलका, टाळ्या, सगळं त्यात होतं. जाताना तो ती परत नेणार होता, म्हणून कॉपी करायची ठरली. तेव्हा आमच्याकडं कॉपी म्हणजे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. खोलीत जो आवाज होईल तोही कॅसेटमध्ये जायचा.

रेवणच्या पुढच्या खोलीत आम्ही श्वास धरून बसलो. युसूफनं आधीच बजावलं होतं, "यारो, खांसे तो बी मार खाते तुम."

एक लांबलचक गाणं होतं. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. क्षणभर पूर्ण शांतता. नेमक्या त्या शांततेत मागच्या दारातून माय ओरडली, "आरं रेवण्या, नळाला पानी आलंय! घागरी लाव की!"

आणि लगेच हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

भाऊ त्याच संध्याकाळी कॅसेट घेऊन गेला. आमच्याकडं राहिली ती ही, मायसकट.

*

आम्ही मायला टेप ऐकवली. तिनं स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. टाळ्या संपेपर्यंत ती पदर तोंडाला लावून बसली.

"एवढी मानसं माज्यासाठी वाजवायलीत व्हय?"

"व्हय माय," रेवण म्हणाला.

"बघा. तिकडं हजार जन टाळ्या वाजवतेत, आन् घरात पान्याला एक जन उठंना."

*

कॅसेट घेऊन मी गावी गेलो. आमचे वडील गायन पार्टीत कोरसला असायचे, त्यामुळं त्यांना गाण्यातलं कळतं अशी गावाची आणि त्यांची स्वतःचीही समजूत होती. त्यांनी डोळे मिटून अख्खी बाजू ऐकली. ड्रमवाल्याचा मोठा एकट्याचा तुकडा आला तेव्हा तर मांडीवर ठेकाही धरला. बराच वेळ झाला तरी तो तुकडा संपेना.

शेवटी वडील म्हणाले, "मानूस तयारीचा हाय. पन ह्याला बास म्हननारं कुनी न्हाई का रं?"

*

रेवणच्या घरी माझं रोजचं येणंजाणं होतं, तरी पाण्याच्या भांड्यांना मी कधी हात लावत नसे. तिथं कुणी नको म्हटलं नव्हतं. पण आम्ही बौद्ध. कुठल्या घरात कुठवर जायचं, हे आम्हाला लहानपणापासून न सांगता कळायचं.

एकदा रेवण बाजारात गेला होता आणि मी एकटाच टेप लावून बसलो होतो. टेपमधली माय ओरडली, टाळ्या झाल्या, आणि मागोमाग खरी माय ओरडली. नळ खरंच आला होता. मी उठलो आणि दारातच थांबलो.

"कामून उभा ऱ्हायलास? पानी जायलंय की वाया."

"मी लावू घागर?"

"मग काय, ती टाळ्या वाजवनारी येनार हायत का?"

मी घागर लावली. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडंच आलं. रेवणला मनातून आनंदच झाला, तो मुळात आळशी.

*

हैदराबादला एक रॉक शो आहे असं युसूफनं कुठूनसं ऐकलं आणि आम्ही तिघं बस धरून गेलो. आपली पार्टी नव्हती, कॉलेजातली पोरं होती, पण गिटार खरी होती. शो सुरू होताच पुढचे सगळे उभे राहिले. गावाकडं पुढं कुणी उभं राहिलं की मागून खडे येतात. आम्ही सभ्य माणसं, बसूनच राहिलो. रेवण मात्र मधूनमधून ओरडत होता, "अण्णा, बसा की! मागं दिसंना!" कुणी बसलं नाही. पहिली तीन गाणी आम्ही लोकांच्या पाठी बघत ऐकली.

मग एक गाणं इतकं रंगलं की मला राहवेना. आमच्याकडं गायकाला बक्षीस देतात आणि तो ते माइकवरून सांगतो, अमुक गावच्या अमुक भावाकडून. मी नोट घेऊन थेट स्टेजजवळ गेलो आणि गिटारवाल्याच्या हातात दिली. गावासकट तिघांची नावंही सांगितली.

त्यानं नोटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कपाळाचा घाम नोटेनं पुसला आणि ती खिशात घातली.

शो संपला, दिवे लागले, लोक गेले. वायरी गुंडाळायला लागले तरी आम्ही जागचे हललो नाही. युसूफ म्हणाला, "नाम लेते, रुको. भूल्या होएंगा."

*

नंतर एकेक जण गेला. युसूफ भावाकडं गल्फात, रेवण पुण्याच्या एका कंपनीत. माय काही नौबाद सोडायला तयार होईना, म्हणून संध्याकाळी मी तिच्याकडं जायचो, पाणी भरायचो आणि टेप लावायचो. आपला आवाज आला की ती अजूनही पदर तोंडाला लावायची.

एका उन्हाळ्यात ती गेली. रेवण पोचला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आलेल्यांना पाणी द्यायला घागरी मीच भरत होतो. नंतर रेवणनं ते घरही सोडलं. घरातलं सामान निर्ण्याला गेलं, एक घागर तेवढी मी मागून घेतली.

आणि मी एकटा उरलो. सरळच सांगतो, फार एकटा उरलो. रॉक हे एकट्यानं ऐकायचं काम नाही. आवाज मोठा केला तर शेजारी चिडतो, लहान केला तर आपण चिडतो. आणि गाणं संपलं की "काय वाजवलंय!" असं म्हणायला कुणीतरी लागतं. भिंतीला किती वेळा म्हणणार?

*

मी शाळेतल्या एका सरांना वळवायचा प्रयत्न केला. त्यांना भजनाची आवड होती, म्हटलं कान तरी आहे. खोलीवर बोलावलं, चहा पाजला, कॅसेट लावली. बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. उठताना चपला घालत म्हणाले, "बाकी ठीक आहे. मधल्या त्या बाईंची दुसरी कॅसेट असेल तर सांगा."

मी म्हटलं, "त्यांची एवढीच आहे."

*

युसूफला माझी दया आली असावी. त्यानं येणाऱ्याबरोबर त्याच कॉन्सर्टची ओरिजिनल कॅसेट पाठवली. आवाज इतका स्वच्छ की गिटारवाल्याचं बोट तारेवर घासलेलंसुद्धा ऐकू यावं. ते लांब गाणं आलं, वाद्यं थांबली.

तिथं काहीच नव्हतं.

टाळ्या पडल्या, पण कशासाठी ते मला समजेना. मी ती कॅसेट काढून डबीत ठेवली. ती अजून नवीकोरीच आहे.

*

कंपनीनं रेवणला मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं. परत आल्यावर तो सगळ्यात आधी माझ्या खोलीवर आला, बॅगही न ठेवता. म्हणाला, "मिलिंदा, आपली पार्टी बघितली. डोळ्यानं."

मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, सगळं सांग.

"ग्राउंड एवढं मोठं, की निर्णा आन् हळ्ळीखेड दोन्ही बसतील. सगळे उभे. मी बी उभाच ऱ्हायलो, हैदराबादला शिकलो होतो न्हवं. वळखीचं कुनीच न्हाई. बाजूच्याला सांगावं वाटायलं, आम्ही लई दूरचे, आमच्याकडं कॅसेट हाय. पन त्याला काय सांगनार?"

"आणि ते गाणं?"

"घेतलं की. आपल्या टेपमधल्यावानीच. मधे थांबले बी. सगळं चुप." रेवणनं मांडीवरची बॅग खाली ठेवली. "मी वरडलो."

"काय?"

"मायसारखंच. सगळा जीव लावून. आरं रेवण्या, नळाला पानी आलंय, घागरी लाव की."

"मग?"

"मग टाळ्या पडल्या. तिथंच, तेवढ्याच." तो खाली फरशीकडं बघत होता. "पन घागर लावाया कुनी गेलं न्हाई रे."

मी उठलो, मोरीतली मायची घागर उचलली आणि बाहेर नेऊन नळाखाली लावली. ती पाण्याची वेळ नव्हती.