भाच्याचं ‘इन ड्यू कोर्स’

देऊळगाव राजात माझा इंग्रजीचा क्लास आहे. ‘समडे’, म्हणजे ‘कधीतरी’, हा शब्द मी कधीच साधा शिकवला नाही. तो मी करून दाखवायचो. टेबलावर चढून, खांद्यावर पंचा टाकून मी पुढारी व्हायचो आणि म्हणायचो, “रस्ता होईल, इन ड्यू कोर्स!” मग खाली उडी मारून, गळ्यात टेप अडकवून शिंपी व्हायचो: “शर्ट मिळेल, वन ऑफ दीज डेज!” सावकाश डोळे मिटून साधूबुवा: “इन द फुलनेस ऑफ टाइम, बालका!” पोरं बाकं बडवायची. सगळ्यात जोरात बडवायचा तो माझा भाचा. तो शिकायला माझ्याकडेच राहायचा आणि घरात माझा एक कडक नियम होता, मामाशी इंग्रजीतच बोलायचं.

नियम त्याने पाळला. नोकरीसाठी परदेशी गेला तरी मला निरोप इंग्रजीतच लिहायचा.

त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमची बाई, बीबी गावात राहते. दाजी गेल्यापासून एकटीच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, उजवा जास्त पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. बाई म्हणाली, “पोरगा आल्यावर. पट्टी सुटली का पहिलं तोंड त्याचंच पाह्यचं मले.” फोनवर ती त्याच्याशी पाऊसपाण्याचंच बोलायची. डोळ्याचं त्याला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. “त्यानं आपल्या मनानं यावं. फक्त कवा येते ते इचार.”

मी विचारलं. उत्तर आलं, ‘समडे सून, मामा’.

आमच्याकडे येणाऱ्या काळाला खुंटी लागते. पोळ्याला, जत्रेनंतर, तूर निघाली की. ‘कधीतरी’ म्हणणाऱ्या माणसाला आम्ही चहासुद्धा विचारत नाही. मग मी बाईला सांगितलं, “पोळ्याले येतो म्हणते.”

पोळा झाला. त्याने लिहिलं, ‘वन ऑफ दीज डेज’. मी म्हणालो, “बालाजीच्या जत्रेले.” बाईने अंगण सारवलं, शेव करून डबा भरला. जत्रा उठली. मी पुन्हा विचारलं. ‘अ‍ॅट सम पॉइंट, डाउन द लाइन’. एका वाक्यात दोनदा ‘कधीतरी’! खरं सांगतो, मी खूश झालो. एकही शब्दप्रयोग त्याने पुन्हा वापरला नव्हता. मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा दिले आणि बाईला सांगितलं, “तूर निघाली का येते.”

“आता हे पक्कं का बे?”

“पक्कं.”

तूर निघाली, भरडून डाळही झाली. एका सकाळी बाईचा उजवा डोळा लालभडक झाला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. तिला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढला. या डोळ्याची नजर परत येणार नाही. दुसरा तरी लगेच करून घ्या.

मी ऐकलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. स्पष्ट दिसत होता.

आत गेलो. बाई कॉटवर बसली होती. डॉक्टरांचं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, “पोराचा निरोप आला का?”

आदल्या दिवशीच आला होता. मोबाइल काढून पहिल्यांदाच जसाच्या तसा वाचला. “इन ड्यू कोर्स.”

“मराठीत सांग.”

“कवातरी.”

ती म्हणाली, “पोळा, जत्रा, तूर. हे त्यानं लिहलं होतं का?”

“नाही.”

“वाटलंच मले. तिकडं कुठं तूर पिकते.” डोळ्यावरचा रुमाल तिने उलटा करून धरला. “तू काऊन सांगितलं मंग?”

मी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. वाईट वाटतंय का ते कळत नव्हतं.

“डॉक्टरले म्हण, डावा उद्याच करा,” बाई म्हणाली.

डाव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा समोर मी उभा होतो. नर्स म्हणाली, “आजी, हळूच उघडा. कोण दिसतं?”

बाईने एकाच डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“माहा भाऊ हाये,” ती म्हणाली. “म्हातारा झाला.”

मग उशीखालून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. “त्याले लाव. आज मी इचारते.”