मास्तरांनी पोट उतरवलं

माप देताना माणूस पोट आत ओढतो. टेप कंबरेला लागली रे लागली की भलेभले श्वास रोखून ताठ उभे राहतात, आणि त्या मापाची पॅन्ट शिवली की आठवड्याभरात तक्रार घेऊन हजर होतात. मास्तरांकडे यावर एक साधा उपाय होता. टेप गुंडाळता गुंडाळता ते सहज विचारायचे, "जेवलात का?" गिऱ्हाईक उत्तर द्यायला तोंड उघडायचं, श्वास सुटायचा, पोट मूळ जागी यायचं आणि मास्तर खरा आकडा खडूने टिपून घ्यायचे. ही युक्ती त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती.

दुकान एवढंसं. दारात शिलाई मशीन, मध्ये कापड बेतायचं टेबल, मागे पडदा लावलेली ट्रायल रूम आणि खिडकीपाशी स्टुलावर बाबा. दुकान त्यांनीच काढलेलं. आता नजर अधू झाली होती, तरी काजं-बटणं त्यांनी सोडली नव्हती. मास्तरांची आई गेल्यापासून बाबा दिवसभर मुक्यासारखे बसायचे. बोलायचे ते फक्त दुपारी. मशीन थांबलं, टेबलावर जुना पेपर अंथरला आणि दोघांत एकच असलेला मोठा डबा उघडला, की म्हाताऱ्याला कंठ फुटायचा. कोणतं गिऱ्हाईक लग्नाचा सूट न्यायला आलंच नाही, कोणाच्या कोटाला घाईत दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. गोष्टी त्याच, पण दर वेळी तिखटमीठ नवं. एक मात्र ठरलेलं होतं. मास्तरांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाबा डब्याला हात लावायचे नाहीत. लहानपणी मास्तर खेळाच्या नादात जेवण चुकवायचे, तेव्हापासूनची ती पाळत होती.

आता मास्तरांच्या पोटाबद्दल. चाळिशी उलटली तसं ते वाढलं, आणि वाढता वाढता इतकं पुढे आलं की कापड बेतायला वाकलं की टेबलाची कड आधी पोटाला लागायची. बायको म्हणायची, "अहो, पॅन्ट स्वतःची स्वतः शिवता म्हणून बरंय, नाहीतर कापड पुरलं नसतं." मास्तर हसायचे. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कंबरा मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या कंबरेचा आकडा विसरता येत नाही.

त्यातच जवळच्या व्यायामशाळेतला ट्रेनर शर्ट शिवायला आला. त्याच्या पोटावर टेप कशी सपाट बसली ते मास्तर बघतच राहिले. खाली चौकोन चौकोन हाताला लागत होते. ट्रेनर म्हणाला, "मास्तर, हे तुम्हालाही आहेत. सगळ्यांनाच असतात. वरची चरबी गेली की दिसतात, एवढंच."

झालं. मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला. आयुष्यभर आपण चरबी शिवत आलो आणि आत चौकोन आहेत हे कोणी सांगितलं नाही, याचा त्यांना रागच आला. ते सकाळी व्यायामशाळेत जायला लागले. उठाबशा, जोर, लोखंडी दांड्याला लोंबकळून पाय वर घेणं, कोपरांवर शरीर तोलून धरणं. सुरुवातीला हसलं तरी पोट दुखायचं. पण ट्रेनरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "व्यायाम कितीही करा, खाण्याला आळा घातला नाहीत तर काही दिसणार नाही." मग स्वयंपाकघरात वजनकाटा आला. उकडलेली अंडी, उकडलेल्या भाज्या, मोजून मापून चमचाभर तेल. भात बंद, गोड बंद. आणि जेवायची वेळही बदलली. सकाळी अकराच्या आत एकदा, संध्याकाळी सहाच्या आत एकदा, मध्ये फक्त पाणी.

म्हणजे दुपारचा डबा बाबांचा एकट्याचा झाला.

पहिल्या दिवशी बाबांनी पेपर अंथरला, डबा उघडला आणि मास्तरांकडे बघत बसले. मास्तर म्हणाले, "बाबा, तुम्ही घ्या. माझं झालंय." बाबा म्हणाले, "बरं." मशीन चालूच राहिलं. मशीनच्या आवाजात गोष्ट सांगता येत नाही, तेव्हा गोष्टीही बंद झाल्या. हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या पोटात त्या वेळी कावळे ओरडत असायचे, आणि डब्याचा वास येऊ नये म्हणून ते मुद्दाम पाठ करून बसायचे. थोड्या दिवसांनी बाबाच म्हणाले, "मी डबा घेऊन बाहेर बसतो. इथे तुला त्रास." मास्तरांना बाबांच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं.

पोट उतरू लागलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, काय मास्तर, ओळखू येत नाही. मास्तर स्वतःच्या पॅन्टी उसवून कंबरेत आत घेऊ लागले. त्याच सुमाराला बायको एकदा बाबांची राखाडी पॅन्ट घेऊन आली. "बाबांनाही सैल व्हायला लागलीय, जरा बघा." मास्तरांनी मागची शिवण उसवली, कापड आत घेतलं आणि टीप मारली. वर चेष्टाही केली, "बाबा, तुम्ही चोरून व्यायामशाळेत जाता की काय?"

बाबा हसले. "तुझी लागण झाली रे. आतलं कापड कापू नकोस मात्र. परत लागेल."

पुढे ती पॅन्ट आणखी एकदा आली, मग आणखी एकदा. मास्तरांनी दर वेळी तितक्याच सफाईने आत घेतली. ज्या माणसाला दुकानाच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्याची कंबर नुसत्या नजरेने कळायची, तो स्वतःच्या बापाची पॅन्ट हातात घेऊन फक्त शिवण सरळ आली का ते बघत होता. एकाच घरात दोघं वाळत होते आणि शाबासकी एकालाच मिळत होती.

एका सकाळी ट्रायल रूमच्या आरशात मास्तरांनी शर्ट वर केला आणि त्यांना ते दिसलं. मधोमध एक रेघ, दोन्ही बाजूंना दोन दोन चौकोन, खाली आणखी दोन पुसटसे. त्यांनी बाबांना हाक मारली. बाबा स्टुलावरून भिंतीला धरून उठले, हळूहळू आले, आणि कापडाचा पोत बघावा तसा अंगठ्याने एक चौकोन दाबून बघितला. "चांगलं बसलंय," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलाला दिलेली यापेक्षा मोठी पावती नव्हती. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि तेवढं एक मांस त्यांनी मोजलं नाही.

त्या आरशात दोघं उभे होते. मास्तरांनी एकालाच बघितलं. हे त्यांना पुढे कितीदा आठवलं असेल त्याला गणती नाही.

थंडी पडली आणि बाबांना ताप आला. साधाच होता, पण उतरेना, छातीत गेला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, पांघरूण बाजूला केलं आणि फासळ्यांकडे बघत मास्तरांना विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय यांचं?"

"चार इंच गेलेत," मास्तर म्हणाले.

"इंच?"

"कंबरेत. पॅन्ट मीच आत घेतली. तीनदा."

बाईंनी पांघरूण पुन्हा बाबांच्या अंगावर घातलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अंगात काही उरलेलंच नाही त्यांच्या. तापाशी झगडायला काहीतरी लागतं ना." त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

त्या दुपारी इस्पितळाचा मऊ भात आला. मास्तरांनी चमचा पुढे केला. बाबांनी तोंड मिटलेलंच ठेवलं. "आधी तू," ते पुटपुटले. मास्तरांनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला. कित्येक महिन्यांनी पोटात भात गेला. मग बाबांनी दोन चमचे घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुझं बिघडेल सगळं." बाबांचं हे शेवटचं जेवण ठरलं. पुढचे दोन दिवस नळीवर गेले, आणि मग बाबा गेले.

दुकान उघडल्यावर शेजारचा इस्त्रीवाला येऊन बसला. "मास्तर, सांगू की नको कळत नाही. बाबा डबा रोज मला द्यायचे. दोन घास खायचे, बाकी माझ्यापुढे सरकवायचे. म्हणायचे, एकट्याला घास उतरत नाही रे."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच अडवलं. म्हणाले, त्याला कळलं तर तो माझ्यासाठी जेवायला बसेल आणि त्याची सगळी मेहनत पाण्यात जाईल. वर्षभर राबलाय पोरगा." इस्त्रीवाल्याने मान खाली घातली. "मी खात राहिलो. मलाही वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भूक कमीच असते."

मास्तर त्याला कोणत्या तोंडाने बोल लावणार?

त्या रात्री नाही, पुढल्या आठवड्यात कधीतरी बायकोने बाबांचे कपडे कोणाला तरी द्यायला काढले. मास्तरांनी राखाडी पॅन्ट तेवढी काढून घेतली आणि दुकानात आणली. ती उलटवून आतली बाजू बाहेर काढली. तीन टिपा एकीशेजारी एक, तिन्ही सरळ, कुठे वळवळ नाही. आत दुमडलेलं कापड कापलेलं नव्हतं, आणि त्याचा रंग अजून नवा होता. मास्तरांनी एकेक टीप उसवली आणि पॅन्ट पहिल्या मापाला आणली. इस्त्री करून खिडकीपाशी स्टुलावर घडी ठेवली. ती त्यांना स्वतःला आता ढगळ झाली असती.

व्यायामशाळेत ते पुन्हा गेले नाहीत. तरी पोट लगेच सुटलं नाही. कितीतरी दिवस अंघोळीच्या वेळी ते चौकोन दिसत राहिले, आणि ते दिसू नयेत म्हणून मास्तर खाली बघायचं टाळायचे. दुपारी ते पेपर अंथरून डबा उघडायला लागले. बायकोचा हात जुन्या सवयीने दोघांचा डबा भरायचा. दोन घास झाले की मास्तर इस्त्रीवाल्याला हाक मारायचे, आणि तो मुकाट्याने समोर येऊन बसायचा.

मग एकदा एक म्हातारे गृहस्थ पॅन्टचं माप द्यायला आले. टेप कंबरेला लागताच त्यांनी श्वास रोखला. मास्तरांनी सवयीने विचारलं, "जेवलात का?"

"हो, आत्ताच," ते म्हणाले, आणि त्यांचं पोट सैल झालं. मास्तर टेप धरून तसेच उभे राहिले. आकडा समोर होता, पण त्यांना तो वाचता येईना. आयुष्यभर दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे विचारलं होतं. स्टुलावर बसलेल्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं.