नवसाची गिंडी आणि आमची महानंदावैनी

आमची महानंदावैनी काल गेली, लिंगैक्य झाली.

भर समुद्रात तहानेनं मान टाकली होती मी, तवा तिनंच मला वाचवलं होतं.

हसू नका. सांगते.

(दोन यत्ता शिकलेली बाई मी. फोनमध्ये बोलत बोलत लिहायलेय. चुकलं तर नातीला बोला, तिनंच शिकवलंय.)

मी तवा सहा वर्षांची. निजाम गेलेला, पण आमचं अफजलपूर अजून हैद्राबाद राज्यातच होतं. अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, नवं नवं लग्न झालेलं. वैनी सोळाची. घरात येऊन दोन महिने झाले, पण तिचा आवाज कुणी ऐकला न्हवता.

अव्वाचा, म्हणजे आईचा, नवस होता. सून आली की गोकर्णाला जाऊन देवाला भीमेचं पाणी घालायचं.

अप्पा म्हणायचे, "अगं, इष्टलिंग, आपला देव, गळ्यात बांधलाय की! त्याला घेऊन दुसरा देव बघायला कामून जायचं?"

अव्वा म्हणायची, "त्याला बी जरा फिरवून आणू."

निघालो. रेल्वे, मग घाटातली मोटार (त्यात अण्णाच आधी ओकला, पण ते त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं न्हाई), मग कारवार. तिथं लोक म्हणले, पुढं खाड्याच खाड्या हायत, पूल न्हाईत. शिडाच्या मचव्यानं जावा, दुपारपर्यंत पोचाल.

बंदरावर अप्पांनी प्यायच्या पाण्याची घागर ओतून दिली!

"वजन कामून वाहायचं? पाण्यातनंच तर जायलाव!"

आता तुम्ही म्हणाल, येडी होती का माणसं?

येडी न्हवतो. भीमेकाठची होतो. नावेत बसलं, ओंजळ बुडवली, प्यालं, हीच सवय. समुद्र खारा असतो हे बी ठाऊक होतं. पण आमच्या मळ्यातली विहीर खारीच होती की! तुरीची डाळ त्या पाण्यात शिजायची न्हाई, एवढंच. पिऊन तर मोठे झालो.

अप्पांना वाटलं, समुद्र म्हणजे तसलंच खारं.

निघालो तवा काय वारा होता! शीड टम्म फुगलं. वैनीचा पदर उडून अण्णाच्या तोंडावर बसला, दोघं बी लाजली, मी टाळ्या वाजवल्या. तसली मजा पुन्हा जन्मात आली न्हाई, खरं सांगते.

मग मी ओंजळभर प्याले.

पुढचं सांगत न्हाई. जेवायला बसला असाल.

आन् वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यागत लोंबायलं. मचवा जागचा हलेना. माझ्या उलट्या थांबेनात. ओठ फुटले. दुपार कलली तवा मी डोळे फिरवले म्हणे.

मचवा चालवणारा तांडेल म्हातारा होता. त्यानं आपलं मडकं पुढं केलं. "पोरीला पाजा."

अव्वा म्हणाली, "नको. पोचूच आता."

त्याच्या मडक्यातलं आम्हाला चालत न्हवतं. जात न मानणाऱ्या बसवण्णाचं नाव घेणारं घर आमचं, तरी न्हवतं चालत. खोटं कशाला बोलू?

अप्पा दुसरीकडं बघायले. अण्णा अप्पांकडं बघायला.

बोचक्यात तांब्याची गिंडी होती, तोटीची. तोंडाला फडकं बांधलेलं. भीमेचं पाणी. नवसाचं.

वैनी उठली. तिनं फडकं सोडलं.

"काय करायलीस? नवसाचं पाणी हाय ते!"

"अव्वा, देव दम धरंल. पोरगी न्हाई धरायची."

वैनीचा आवाज आम्ही तवा पहिल्यांदा ऐकला.

दोन महिन्यांची सून. तिथनंच माहेरी धाडली असती तर गावात कुणी काही म्हणलं नसतं. तिला ते ठाऊक होतं. तरी तोटी माझ्या तोंडात होती. थोडं थोडं करत सगळी गिंडी मला पाजली तिनं. स्वतःची जीभ सुद्धा ओली केली न्हाई.

अव्वानं पाठ फिरवली. दिवस बुडायला आला. वैनी कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेली.

मग अव्वा उठली. रिकामी गिंडी घेऊन तांडेलापुढं गेली.

"आधी माझ्या सुनेला दे. सकाळधरनं कोरडी हाय. मग ही भर. देवाला घालायचीय."

तांडेल म्हणाला, "आमच्या मडक्यातलं चालंल देवाला?"

"नवसाचं पाणी पोर प्याली तवा तो काही बोलला न्हाई. आता बी बोलायचा न्हाई."

रात्री वारा सुटला आन् दुसऱ्या दिवशी गोकर्णाला तेच पाणी घातलं अव्वानं. परत आल्यावर गिंडी वैनीच्या हातात दिली. "ही तुझी," म्हणली. बास, एवढंच.

तवापासनं वैनीच्या दारात कुणी बी येऊ दे, पोस्टमन असो का पाव्हणा, पहिला सवाल एकच. "पाणी पिलास का?"

परवा नातीनं गोव्याहून शिडाच्या बोटीतला फोटो टाकला. सगळ्यांनी लाईक केलं. वैनीनं निरोप धाडला, "बाटली दिसत न्हाई हातात."

काल सकाळी मी तिच्या उशाशी होते. गिळवत न्हवतं तिला. त्याच गिंडीच्या तोटीनं दोन घोट घातले. एक बाहेर आला, एक आत गेला.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं.

"तू पिलीस का, नीलू?"

पिले गं वैनी. पोटभर पिले.

जा आता सुखानं.

तुझ्या नणंदेचा नमस्कार, शरणार्थ.