सड्यावरच्या दोन वैमानिकांची राखण

मागच्या लेखात तीनदा सांगितलं होतं, देवरूखकडे जाताना डोक्याला फडकं बांधा. तरी उन्हाने भाजून आलेल्या दोघांचे निरोप आलेच. वाचता येणाऱ्यांचं हे असंच, लिहून ठेवलंय म्हणून लक्षात ठेवत नाहीत. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. मी फिरून आले की फोनवर सांगते आणि नात मुग्धा पुण्यात बसून हे सदर टाइप करते. ती मधलं काही गाळत असेल, तर तुम्हीच मला कळवा.

या वेळी गेले ती माहेरी. धाकटा भाऊ दत्तू फोनवर म्हणाला, "बाय, तू येच. माजं काय खरं नाय."

दत्तूच्या वाडीच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. नऊ वर्षांपूर्वी तिथे हवाई दलाचं शिकाऊ विमान कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारा, दोघेही गेले. गवत कापणारा दत्तू पहिला पोचला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आपली घोंगडी दोघांवर घालून लष्कराची माणसं येईपर्यंत बसून राहिला. पुढे वाडीने तिथे चिरा उभा केला. आमच्याकडे शिवेवरच्या राखणदाराला वर्षाला कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. तशी या दोघांनाही द्यायला लागले. आपल्या हद्दीत गेले ते आपलेच, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. दत्तू एखादं लग्नकार्य चुकवील, पण तो दिवस नाही.

यंदा शिकणाऱ्याची आई राजस्थानातून पहिल्यांदा येणार होती. शाळेच्या गुरुजींनी पत्र वाचलं: आम्ही कांदासुद्धा खात नाही. तेव्हापासून दत्तूला जेवण जाईना.

मांडवीहून, म्हणजे माझ्या घरून, रिक्षाने स्टँड, तिथून सकाळची एसटी, हातखंब्यावरून दोन तास. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. कंडक्टरने वयाचा दाखलासुद्धा मागितला नाही, हे जरा लागलं. देवरूखला चहा-भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. मग वडापची जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरल्यावरही ड्रायव्हरची तंबाखू मळून व्हायची असते.

घरी दत्तू ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"इतकी वर्सं कोंबडा दाखवला गं त्या पोराला! ती माऊली बोलली, हे बंद करा, चिरा काढा, तर?"

"तिला कळेल कशाला?" भावजय म्हणाली. "यंदा खीर करू."

मीही शहाणपण शिकवलं, "तू फक्त तोंड मीट." कोंबडे डालग्याखाली गेले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, सोबत मुलगी. पाऊण तासाचा चढ न थांबता चढल्या. चिऱ्यासमोर दत्तू गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलायला, उभा राहिला, वाडी मागे.

"बा म्हाराजा, तुम्ही दोघं आमच्या शिवेवर ऱ्हायलात..."

"व्हय म्हाराजा!" मागून वाडी.

"वर्साप्रमाणे तुमची राखण..." आणि थांबला. खीर समोर होती. गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाहीत, हे मी विसरले होते. दत्तू वळला, बाईंपुढे हात जोडले. "आई, आम्ही ह्यांना कोंबडा देतो. दरवर्सी. तुमचं कायच म्हाईत नवतं."

हिंदीत सांगायचं माझ्यावर आलं. माझं हिंदी मांडवीवर आलेल्या पाहुण्यांना भेळवाला दाखवण्यापुरतं, पण कोंबडा पोचला. बाईंनी पुढे होऊन चिऱ्यावर हात ठेवला.

"ट्रेनिंगला गेल्यावर खायला लागला होता," असं काहीसं म्हणाल्या. "सुट्टीत बहिणीच्या कानात सांगायचा. मी ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करायची. एकदा तरी म्हणायला हवं होतं, खा बेटा." मग दत्तूला विचारलं, "तो आज खीर क्यों?"

वाडी अशी पळाली की काय सांगू! दोन तासांत वडे-कोंबडी सड्यावर हजर. भांडं बाईंनीच मागून घेतलं. जन्मात रश्श्याला हात न लावलेली बाई, पण नाकाला पदर लावला नाही. पहिलं पान शिकवणाऱ्याला वाढलं. "पहले मास्टरजी." मग मुलाला. दत्तूने राहिलेलं गाऱ्हाणं पुरं केलं आणि "व्हय म्हाराजा" बाईंनीही म्हटलं, आमच्यामागून, एकट्याच.

स्वतः त्या वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार जेवल्या, बिनकांद्याचं. तीन वडे. मी मोजले, कारण चौथा मला हवा होता.

तुम्ही जाणार असाल तर भात कापणीच्या आधी जा, पाणी न्या, आणि आधी दत्तूच्या घरी सांगा. हॉटेल नाही, पण उपाशी कोणी खाली उतरत नाही.

मांडवीला परतले, तेव्हापासून गुडघे बोलतायत, पण तक्रार नाही. दत्तू पोटभर जेवतोय. मला मात्र त्या बाईंचं बोलायचं राहून गेलं, ते सोडत नाही. घरातल्या पोरांचं गुपित कळलं असेल, तर कळलंय असं वेळेवर सांगून टाकावं म्हणते.

काल त्यांच्या मुलीचा फोन आला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी आई आपल्या घरीही दोन पानं मांडणार आहे. मुग्धे, हे टाइप कर आणि ऐकसुद्धा: पुण्याहून त्यांना वड्यांचं पीठ पाठव, जाडसर दळलेलं, धणे-मेथी घातलेलं, आणि दोन किलो काळे वाटाणे. कोंबडीचं इकडे सड्यावर दत्तू बघतो.