कुकरातली बटणं

मुलांनो, तुमचा बाबा दुरुस्त करतोय त्या दुर्मिळ व्हिडिओ गेम मशीनचा फोटो पाहिला आणि मला आमचा जुना कुकर आठवला. नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांनी जासई गावच्या भंगारातून असंच मशीन आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. आत झुरळांची अंडी, बटणांवर अनोळखी बोटांचा काळा, चिकट थर. त्या दिवशी घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्ह्याच्या कैऱ्या काढायला कुकर उघडला, तर डब्याखालच्या मळकट पाण्यात ती बटणं!

"अहो, शी! हे काय?"

"अगं, कैऱ्या वरच्या डब्यात आहेत. एका गॅसवर दोन्ही कामं झाली."

बायकांना मी लिंबाचं सरबत दिलं आणि कुकर भंगारवाल्याला. पन्हं अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. बाबा बटणं कशात उकळतो ते बघा, मगच जेवायला बसा.