वरूडच्या शेडमधली पहिली पावती

संत्रं सोललं की त्याचा तिखट वास नाकात शिरतो आणि मी थेट वरूडच्या त्या पॅकिंग शेडमध्ये जाऊन पोचतो. तिथल्या वजनकाट्यासाठी मी प्रोग्राम लिहिला होता आणि तो चालवायला मालकांनी एक दृष्टिहीन मुलगी ठेवली होती. हेडफोनमधला आवाज तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा आणि तिची बोटं कीबोर्डवर भराभर धावायची, पण वजन भरलं की ती अडायची. "दादा, छापायचं बटण सापडूनच नाही राहिलं. टॅब दाबला की मी पुन्हा तारखेवरच येते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. बाहेर संत्र्यांनी भरलेले ट्रॅक्टर खोळंबले होते. मालकांनी मला बाजूला घेतलं, "आज नाही जमलं तं मले दुसरा मानूस पाहा लागन." मी तिथंच क्रेटवर लॅपटॉप ठेवून कोड उघडला आणि वजनानंतर टॅब दाबताच फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, सरळ छापायच्या बटणावर जाईल असं केलं. तिनं श्वास रोखून टॅब दाबला. "छापा," हेडफोनमधून बारीक आवाज आला. तिनं एंटर दाबला आणि प्रिंटर खरखरू लागला. "निंगाली! काका, पावती निंगाली!" मालकांना हाक मारत ती खुर्चीतून उडालीच, हमालांनी टाळ्या पिटल्या आणि मीही त्यांच्यासोबत ओरडत होतो. आज अमरावतीत बसून मी जी नवी स्क्रीन बनवतो, ती आधी तिच्याकडे तपासायला जाते, चूक सापडली की तिचा फोन येतो, "दादा, अडकवलं ना मले पुन्हा!" आणि ती खळखळून हसते.