बीजींनी मंजूर केलेली रजा

मला गर्व होता, हे आधीच कबूल करते. आणि तो साड्यांचा किंवा दागिन्यांचा नव्हता, रजा न घेण्याचा होता. नोएडात नव्या कंपन्या यायला लागल्या, तेव्हा मी जुनी नोकरी सोडून त्यांतल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर झाले. काचेची दारं, गार हवा, आणि सगळी पोरंपोरी माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या वयाची. त्यांनी मला 'आंटी' म्हणून मोडीत काढू नये, म्हणून सकाळी बोर्डावर बसले की मी जेवायलाच उठायचे, कधीकधी तेव्हाही नाही. सहा वर्षांत एक रजा नाही. तापातसुद्धा गोळी घेऊन चार्टर्ड बस पकडली. हे म्हणायचे, "त्या खुर्चीवर काय तुझं नाव कोरलंय?" मी म्हणायचे, "कोरलंय असंच समजा."

मग कंबरेतून डाव्या पायात कळ जायला लागली आणि पाय बधिर व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे; तीन आठवडे रजा घ्या, रोज थोडं थोडं चाला, एका जागी तासन् तास बसू नका, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. नेमकं त्याच सुमारास मुक्ताचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत कुलदेवीला जाते. आमची देवी वणीच्या गडावरची. लेकीच्या लग्नाची अक्षत घेऊन तुझ्या पायऱ्या मी माझ्या पायांनी चढेन, असं मी देवीला केव्हाच बोलून बसले होते. डोलीत बसून जायचं म्हणजे माझं नाकच कापल्यासारखं. तरीही रजा काही मी मागितली नाही. देवी बघून घेईल, म्हणायचे. जणू ऑफिस माझं आणि पाय तेवढा तिचा. पाय बरा होईना, तेव्हा देवीवरच रुसले. दिवासुद्धा रागारागानेच लावायचे.

एका सकाळी मयूर विहारच्या स्टॉपवर बस समोर उभी, आणि माझा पाय उचलेना. मी तिथेच कोसळले असते. मागून कुणीतरी काखेत हात घालून मला सावरलं. पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी सरदारीण होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. बस निघून गेली. तिने मला शेजारच्या गुरुद्वाराच्या अंगणात नेऊन बसवलं, पाणी दिलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. काय झालं, कुठे दुखतं, काही म्हणून तिने विचारलं नाही. पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "रज़ा में रहना सीख, पुत्तर. बस, रज़ा में."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दिल्लीत इतकी वर्षं काढली, इथे सगळे 'छुट्टी' म्हणतात. रजा हा आमचा, मराठी शब्द. या पंजाबी बाईला तो कुठून ठाऊक? आणि मी रजा घेत नाही, हे तिला कुणी सांगितलं? डॉक्टरांचं ऐकलं नाही, नवऱ्याचं ऐकलं नाही, पण हे मला टाळता येईना. तिथूनच पीसीओवर जाऊन ऑफिसला फोन केला आणि तीन आठवड्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, "बिल्कुल लीजिए." एवढंच. माझ्यावाचून सगळं अडेल, ही माझी समजूत एका मिनिटात निकालात निघाली. त्याचाही मला जरा रागच आला.

त्या म्हातारीला गुरुद्वारात सगळे बीजी म्हणायचे. मग रोज सकाळी मी बीजींसोबत त्या अंगणात फेऱ्या मारू लागले. पहिल्या दिवशी एक, तीही भिंत धरून. मग दोन, मग चार. घरी कुकरच्या शिट्या होईपर्यंत खोलीतल्या खोलीत चालायचे, फोन आला की उभ्याने बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात पायातल्या मुंग्या कमी झाल्या. तेव्हा मी बीजींना म्हटलं, "आपने छुट्टी लेने को कहा, इसलिए मैं बच गई."

बीजी थांबल्याच. "छुट्टी? मैंने कब कहा?"

मी तो शब्द सांगितला. त्या कंबरेवर हात ठेवून हसल्या, हसता हसता खोकल्या. रज़ा म्हणजे त्या वरच्याची मर्जी, त्याच्या मर्जीत राहायला शीक, असं त्या म्हणाल्या होत्या. मी ओशाळले. एवढा मोठा उपदेश, आणि मी त्यातून रजेचा अर्ज काढला. बीजी म्हणाल्या, "चलो, उसने तेरी ज़ुबान में समझा दिया." आजही मला ठाऊक नाही, ती माझी चूक होती की आणखी काही. मी वाद घालत नाही.

रजा वाढवून आम्ही वणीला गेलो. अर्ध्या पायऱ्या मी ऐटीत चढले. पुढे पाय पुन्हा जड झाला आणि मी खालीच बसले. डोलीवाले येऊन विचारून गेले. पूर्वीची मी असते तर देवीशी भांडले असते. त्या दिवशी मनात एवढंच आलं, तुला इथवरच आणायचं असेल तर इथवर. मी अक्षतेचं पुडकं मुक्ताच्या हातात दिलं, म्हटलं, "तू जा वर. मी इथूनच हात जोडते." ती वर गेलीच नाही. खालच्या पायरीवरून माझ्या बाजूला आली, खांदा पुढे केला आणि म्हणाली, "आई, टेक ना जरा. मी काय मोडणार आहे का?"

आयुष्यात मी कुणावर टेकले नव्हते. त्या दिवशी लेकीच्या खांद्यावर सगळा भार टाकला. एक पायरी, मग थांबा, मग दुसरी. लोक आम्हाला ओलांडून पुढे जात होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. वर पोचून गाभाऱ्यासमोर उभी राहिले. माझ्या पायांनी आले गं, हे वाक्य मी दिल्लीपासून तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "हिने आणलं गं मला." म्हणताना ऊर असा भरून आला, एवढा अभिमान मला स्वतःचा कधीच वाटला नव्हता.